भांडवलाच्या ‘नावे’ म्हणजे कोणाच्या नावे?

प्रश्न असाय की मुलगी बारावी कॉमर्सला, मराठी माध्यम, कंपनीच्या शेअर्सच्या रोजकीर्द नोंदी चालल्यात आणि ‘भाग भांडवल (म्हणजे शेअर भांडवल) खाते नावे’ आलं की ती विचारते भांडवलाला कुठलं नाव? अगदी योग्य जागी अडलीय ती.

आपण किराणा उधार आणतो तेव्हा म्हणतो ना, ‘माझ्या नावावर लिहून ठेवा’, म्हणजे दुकानदाराचं माझ्याकडून येणं. ‘नावे’ तिथलंच. आमच्या आजोबांच्या लाल कापडी वहीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे असायचं, देशी पद्धत तीच, आणि खाती बहुतेक माणसांची, त्यामुळे नावे म्हटलं की खरंच कुणाचं तरी नाव समोर असायचं. पुढे इंग्रजी पद्धत आली, नावे म्हणजेच डेबिट डावीकडे गेलं, बँक, यंत्र, भांडवल यांचीही खाती झाली पण शब्द तोच राहिला. पूर्ण वाक्य खरं तर ‘भाग भांडवल खात्याच्या नावे 1000 रुपये लिहिले’ असं आहे, पुस्तकात ते ‘च्या’ गळतं आणि पोरं तिथेच अडखळतात.

आता जप्तीची नोंद घ्या. एकाकडे 10 रुपयांचे 100 शेअर, शेअरमागे 7 भरले, शेवटचा 3 चा हप्ता थकवला म्हणून कंपनीने शेअर जप्त केले. भांडवल खाते नावे 1000, शेवटचा हप्ता खाते जमा 300, भाग जप्ती खाते जमा 700. सगळे हप्ते मागून झाले तेव्हा त्या शेअरचे पूर्ण 1000 भांडवलात जमा धरलेले, आता शेअरच रद्द, म्हणून तेवढेच नावे टाकून उतरवायचे.

आणि ‘भाग जप्ती’ हा शब्दही नीट बघा, खात्याच्या नावात भाग आहे पण आत आहेत त्या माणसाने भरलेले 700 रुपये, जे कंपनी परत देत नाही. हिंदीत याला अंश हरण म्हणतात, मला आपली जप्तीच जास्त पटते, कारण हरण म्हटलं की मराठी माणसाला आधी सीता आठवते. तेच शेअर 8 ला परत विकले तर बँक खाते नावे 800, शेअरमागे कमी आलेल्या 2 रुपयांसाठी भाग जप्ती खाते नावे 200, भांडवल खाते जमा 1000, आणि जप्ती खात्यात उरलेले 500 भांडवली राखीव निधीला जातात. या नोंदी तिला एकदा ‘च्या’ घालून मोठ्याने वाचायला लावा.