धर्मावर लिहिलं की गुन्हा दाखल होतो का?

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी गोव्यात आलोय, देवाधर्मावर रोखठोक लिहायची सवय आहे, तर 'भावना दुखावल्या' अशी कुणी तक्रार केली तर गुन्हा होतो का, आणि टीका कुठे संपते नि अपमान कुठे सुरू होतो. मी डिचोलीकडे वकिली करतो, असली प्रकरणं अधूनमधून टेबलावर येतात, म्हणून लिहितो.

नुसत्या भावना दुखावल्याने गुन्हा होत नाही. घटनेच्या कलम 19(2) मध्ये बोलण्यावर बंधन घालायची कारणं मोजून दिली आहेत. त्यात सार्वजनिक सुव्यवस्था आहे, नीतिमत्ता आहे, बदनामी आहे. धार्मिक भावना हे वेगळं कारण म्हणून कुठेच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 299, म्हणजे जुन्या दंड संहितेचं 295अ, लागायला अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असावा लागतो. हे कलम 1927 मध्ये आलं. लाहोरच्या एका प्रकाशकाने पैगंबरांची टवाळी करणारं पुस्तक काढलं होतं. हयात नसलेल्या धर्मसंस्थापकाची टवाळी तेव्हाच्या 153अ मध्ये, म्हणजे समाजांत वैर वाढवण्याच्या कलमात, बसत नाही म्हणून तिथल्या हायकोर्टाने त्याला सोडलं, आणि इंग्रज सरकारने घाईघाईने नवं कलम आणलं. त्याने काही थांबलं नाही, 1929 मध्ये त्या प्रकाशकाचा खून झालाच. पुढे 1957 मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सुप्रीम कोर्टाने कलम वैध ठरवलं, पण त्याच निकालात हेही सांगितलं की अनवधानाने किंवा निष्काळजीपणाने, दुष्ट हेतू नसताना झालेला अपमान त्यात येत नाही.

हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाला न विचारता नोंदवू शकतात असा, आणि अजामीनपात्र आहे, त्यामुळे स्टेशनवर पंचवीस-तीस लोक घोषणा देत उभे राहिले की एफआयआर होतो. हेतूचा विचार नंतर, कोर्टात. माझ्याकडे एक मुलगा आला होता, कॉलेजातला, बापाला घेऊन. कुणीतरी पाठवलेलं चित्र त्याने पुढे ढकललं होतं, एवढंच. मोबाइल पंचनामा करून पाकिटात घातला, सील केलं. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर यायचे, बापाचं पेन्शन खातंही त्यालाच जोडलेलं. खटला उभाच राहिला नाही, पण फोन परत मिळवायला अर्जामागून अर्ज करावे लागले. खरी शिक्षा ही असते.

आणखी एक मेख आहे. सरकारच्या मंजुरीशिवाय कोर्ट या गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही. म्हणजे शेवटचा निर्णय पर्वरीत, राज्याच्या सचिवालयात होतो, आणि पर्वरीत बसलेल्यांना निवडणुका लढवायच्या असतात.

आता गोव्याचं. 2020 मध्ये इथल्या कायद्याच्या एका प्राध्यापिकेवर मंगळसूत्राविषयीच्या फेसबुक पोस्टवरून गुन्हा दाखल झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये संघाचे गोव्यातले माजी प्रमुख सुभाष वेलिंगकर यांनी सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांची डीएनए चाचणी करा म्हटलं आणि मडगावात लोक रस्त्यावर बसले. त्यांच्यावर 299 लागलं. दोन्ही वेळच्या चर्चा मी बाररूममध्ये ऐकल्या आहेत. पहिल्या वेळी 'अटक करा' म्हणणारे दुसऱ्या वेळी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर व्याख्यान देत होते, आणि पहिल्या वेळचे व्याख्याते दुसऱ्या वेळी अटकेची वेळ विचारत होते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, आधी नोटीस द्यायची असते, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक होतं. वकीलच ते!

माझं मत विचाराल तर दोन्ही प्रकरणांत पोलिसांना काम नव्हतं. पण दोन्ही बोलणी सारखी होती असंही मी म्हणणार नाही. झेवियर यांनी 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मात कसूर करणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय मागितलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी 1560 मध्ये आलं आणि मधली थोडी वर्षं सोडता 1812 पर्यंत टिकलं. हे लिहिणं, त्यावरून संतपदाला प्रश्न विचारणं, ही टीका झाली, आणि ती ऐकून घेतलीच पाहिजे. नोव्हेंबरात जुन्या गोव्यात त्यांचं शवप्रदर्शन सुरू व्हायच्या तोंडावर डीएनए मागणं मला खोडसाळपणा वाटला. इथे झेवियर यांच्या तीन डिसेंबरच्या फेस्ताला हिंदूही जातात. आमच्या शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण बहिणी मानतात, दोघींमध्ये तेल-फुलांची देवाणघेवाण चालते. त्यामुळे जुन्या गोव्यातल्या देहाबद्दल काही बोललं की ते फक्त ख्रिश्चनांनाच लागतं असं नाही. पण खोडसाळपणाला उत्तर द्यावं, तुरुंग नव्हे.

दुसऱ्याच्या देवावर धीट होणं तसं सोपं असतं. देवळांच्या फोंड्यात बसून सायबावर, म्हणजे झेवियर यांच्यावर, आणि चर्चच्या सासष्टीत बसून मंगळसूत्रावर लिहायला फारशी छाती लागत नाही. आपल्या देवस्थानाच्या महाजनांना, म्हणजे कारभाऱ्यांना, हिशेब विचारून बघा. मे 2025 मध्ये शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक गेले. त्यानंतर आमच्या गावच्या देवळाच्या ग्रुपवर एकाने एवढंच विचारलं की आपल्याकडे गर्दीचं काय, आणि पालखीचा मान ठरावीक घराण्यांनाच का. पहिला प्रश्न राहिला बाजूला. दुसऱ्यावर 'देवीचा अपमान' सुरू झालं. त्याच्यावर एफआयआर नाही झाला. पुढच्या वेळी पालखी त्याच्या दारात थांबली नाही, बायको आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी. त्याच देवळासमोर दशावतारात संकासुर भटजीची मनसोक्त फिरकी घेतो आणि मान मिळणारेच पहिल्या रांगेत बसून हसतात. त्याला कुणी नोटीस काढत नाही, हे बरं आहे.

तर लिहा. प्रथेवर, पैशावर, मानपानावर, इतिहासावर नावानिशी लिहा, आधार जवळ ठेवा. लोकांना जमातवार शिव्या घालू नका. तिथे कलम 196 लागतं, म्हणजे दोन समाजांत वैर वाढवण्याचं, आणि ते लागलं तर मीही तुमच्या बाजूने फार जोरात बोलणार नाही. नोटीस आलीच तर ठरल्या तारखेला हजर व्हा, जबाब देण्याआधी वकिलाला गाठा, आणि घाबरून पोस्ट उडवू नका. स्क्रीनशॉट तक्रारदाराकडे असतोच, वर पुरावा नष्ट केल्याचा संशय तुमच्यावर येतो. आणि फोनमधले नंबर कुठेतरी कागदावर उतरवून ठेवा.