जुना टायर वितळवून त्याच रबराचा नवा टायर बनवता येतो का?

नाही, टायरचं रबर प्लास्टिकसारखं वितळत नाही. पण त्याची भुकटी करून किंवा रिक्लेम रबर (जुन्या रबरावर प्रक्रिया करून परत मिळवलेलं रबर) बनवून ते पुन्हा वापरता येतं. न वितळण्याचं कारण व्हल्कनायझेशन. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये शोधलेल्या या प्रक्रियेत गंधक रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतं. टायर टिकतो तो या बंधांमुळेच, आणि तापवल्यावर वितळण्याऐवजी करपतो तोही त्यांच्यामुळेच.

रिक्लेम रबर करताना आधी तारा आणि धागे काढून टायर दळतात, मग उष्णता, दाब, तेल आणि रसायनं वापरून यातले काही बंध तोडतात. तयार माल पुन्हा लाटता येतो, साच्यात घालता येतो. त्यातून पायपुसणी, गाडीतले मॅट, चपलांचे तळ बनतात. नुसती भुकटी डांबरात मिसळून रस्त्यालाही वापरतात, आणि मला हा उपयोग फार मोलाचा वाटतो, कारण एका रस्त्यात पुष्कळ टायर खपतात.

मात्र बंध तोडताना मूळ साखळ्याही तुटतात, त्यामुळे ताकद कमी होते. म्हणून नव्या टायरच्या मिश्रणात रिक्लेम थोड्याच प्रमाणात घालतात. आणि कृपा करून घरी टायर जाळून प्रयोग करू नका, तो धूर विषारी असतो.