फ्रीजमधल्या नमुन्यांवरून 'विषाणू घटले' असं लिहू नका

तुमचा प्रश्न वाचला: गोव्यातल्या झुआरी नदीच्या मुखाजवळच्या पाण्यातले विषाणू तुम्ही मोजताय, पावसाळ्यातले नमुने लगेच मोजलेले, नंतरचे मात्र मोजणीच्या मशीनची वेळ मिळेपर्यंत ग्लुटाराल्डिहाइड (नमुना टिकवणारं रसायन) घालून फ्रीजमध्ये पडून. आता आकडा निम्म्यावर आलाय आणि तुमचे गाईड म्हणतात, 'पावसाळ्यानंतर विषाणूंचा वाटा घटतो' असं प्रबंधाच्या प्रकरणात लिहून टाका. कृपा करून लिहू नका. माझा एक अख्खा हंगाम याच दुखण्यात गेलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

डाय, फिल्टर, गेटिंग वगैरे मोजणीचं तंत्र तुम्हाला येतं असं धरून चालतो. मुद्दा साठवणुकीचा आहे. फिक्स केलेल्या, म्हणजे रसायन घालून टिकवलेल्या नमुन्यातले विषाणूही चार अंशांवर भराभर कमी होत जातात. वेन, ऑर्टमन आणि सटल यांनी 2004 साली हे दाखवून दिलंय. सायटोमीटरवर (लेझरच्या प्रकाशात एकेक कण मोजणारं यंत्र) मोजायचं असेल तर 0.5 टक्के ग्लुटाराल्डिहाइड, अर्धा तास अंधारात थंड, की लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये आणि मग उणे 80. नायट्रोजन नसेल तर त्याच दिवशी स्लाइड बनवून उणे 20 ला ठेवा. 'उद्या करू' हा पर्याय नाही.

आमचं पाणी नीट गोठवलेलं होतं. सायटोमीटर दुसऱ्या शहरात, म्हणून ड्राय आइसमध्ये पाठवलं. ज्या कार्यालयातून माल पुढे जायचा, तिथे कागदावर 'विषाणू' शब्द दिसला आणि खोका बाजूला ठेवला गेला. हे समुद्रातल्या बॅक्टेरियांचे विषाणू, माणसाला लागत नाहीत, शिवाय रसायनाने निष्क्रिय केलेत, हे मी फोनवर सांगत राहिलो. त्यांना रुग्णांचे नमुने तपासणाऱ्या लॅबचा दाखला हवा होता. समुद्राच्या पाण्याला तो कोण देणार? शुक्रवारी अडलेला खोका पुढच्या आठवड्यात सुटला. उघडला तेव्हा थर्माकोलच्या तळाशी ड्राय आइसचा खडाही नव्हता, व्हायल्समध्ये (नमुन्याच्या छोट्या कुप्यांमध्ये) पाणी हलत होतं, लेबलं ओली होऊन सुटली होती. तरी मोजलं. एकाच बाटलीतून भरलेल्या तीन व्हायल्सचे आकडे एकमेकांशी जुळेनात. दिलगिरीचं एक वाक्यही आलं नाही, आणि तो हंगाम पुन्हा यायला वर्ष जावं लागलं. आजही राग येतो.

राग यासाठी, की या आकड्यावर फार काही उभं असतं. 1989 मध्ये बर्गनच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मोजेपर्यंत समुद्रात इतके विषाणू असतील असं कुणाला वाटत नव्हतं. किनाऱ्यालगत मिलिलिटरला कोटीच्या घरात, बॅक्टेरियांच्या साधारण दहापट. समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या वस्तुमानापैकी अंदाजे 20 टक्के ते रोज मारतात. कोपेपॉडने (पाण्यातल्या बारीक कवचधारी प्राण्याने) प्लवकाची सूक्ष्म पेशी खाल्ली तर कार्बन माशाकडे सरकतो. विषाणूने तीच पेशी फोडली तर आतला नायट्रोजन, फॉस्फरस, लोह पाण्यात सांडतं आणि बॅक्टेरिया ते पुन्हा उचलतात. माशाच्या वाटणीचं खालीच फिरत राहतं. हाच तो व्हायरल शंट. तुम्ही निम्मा आकडा छापलात तर वाचणारा म्हणेल, पावसाळा संपला की शंट ढिला पडतो आणि अन्न वर जातं. कदाचित खरंही असेल. पण तुमच्या बाटल्यांवरून ते कळत नाही.

आणि माझं ठाम मत, गाईडना पटो न पटो: नुसत्या संख्येवरून शंटबद्दल बोलूच नये. किती विषाणू आहेत आणि किती तयार होताहेत या वेगळ्या गोष्टी आहेत. विषाणू गाळून कमी केलेल्या पाण्यात दर काही तासांनी मोजणी घेऊन उत्पादनाचा दर काढा. कष्टाचं काम आहे, पण एका ठिकाणचं जरी केलंत तरी प्रकरणाला वजन येईल.

पाठवण्याबद्दल: मी वकील नाही, नियम बदलतात, ज्या विमान कंपनीने पाठवणार तिलाच विचारा. ड्राय आइसची नोंद यूएन 1845 या धोकादायक मालाच्या क्रमांकाखाली होते, खोक्यावर निव्वळ वजन किलोत लिहावं लागतं आणि वायू बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. पूर्ण सीलबंद खोका फुटू शकतो. वर्णनात 'ग्लुटाराल्डिहाइडने फिक्स केलेले समुद्राच्या पाण्याचे नमुने, असंसर्गजन्य' असं लिहा, ते खरंही आहे, आणि सोबत संस्थेच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांचं पत्र जोडा. सोमवारीच पाठवा. प्रत्येक बाटलीच्या निम्म्या व्हायल्स आपल्याच उणे 80 मध्ये ठेवा. लेबलं चिकटवू नका, क्रायो मार्करने (अतिथंडीत न पुसणाऱ्या पेनाने) थेट व्हायलवर लिहा.

जुन्या बाटल्या फेकू नका. त्याच पुन्हा मोजत गेलात तर घट किती वेगाने होते ते दिसेल, पद्धतीच्या भागात तो आलेख देता येईल.