यूएपीएत जामीन इतका अवघड का, आणि आरोपीचे हक्क नेमके कुठे उरतात?

तुम्ही विचारलंय की यूएपीए म्हणजे बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायदा, त्याखाली अटक झालेल्याला वर्षानुवर्षं जामीन मिळत नसेल तर मूलभूत हक्कांना अर्थ काय, आणि कायदा सैल केला तर दहशतवाद रोखायचा कसा.

माझ्या मते हा तोल तारखांवर आणि लेखी कारणांवर ठरतो. हा कायदा नेहमीचं संरक्षण कमी करतो, पण त्यासाठी कुणाला तरी कारण द्यायला लावतो. ते कारण कुणी तपासलंच नाही, तर आरोपीचा हक्क कागदावर राहतो.

कोठडीचंच घ्या. साधारणपणे गंभीर गुन्ह्यात आरोपपत्राची मुदत जास्तीत जास्त ९० दिवस असते; इथे ती १८० पर्यंत वाढवता येते. पण आपोआप नाही. तपास कुठवर आला आणि याच आरोपीला ९० दिवसांपुढे आत ठेवण्याची विशिष्ट कारणं काय, असा अहवाल सरकारी वकिलाने द्यावा लागतो. तपास अधिकाऱ्याचं पत्र जसंच्या तसं पुढे सरकवणं म्हणजे अहवाल नव्हे. मुदत संपली आणि आरोपपत्र नसेल, तर डिफॉल्ट जामीन हा हक्क आहे. तिथे गुन्ह्याच्या गांभीर्याची चर्चा होत नाही. मोजणीत पहिल्या रिमांडचा, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडीत पाठवल्याचा दिवस धरतात. मात्र अर्ज करावाच लागतो. अर्जाआधी आरोपपत्र आलं की हा हक्क गेला, आणि खूपदा नुकसान इथेच होतं.

खरी अडचण यूएपीएच्या कलम ४३डी(५) ची. २६/११ नंतर २००८ च्या दुरुस्तीत ते आलं. केस डायरी (पोलिसांच्या तपासाची नोंदवही) किंवा आरोपपत्र पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा मानायला वाजवी कारण दिसलं, तर जामीन देता येत नाही. म्हणजे कोर्टासमोर मुख्यतः एकाच बाजूचे कागद. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वटाली निकालाने या टप्प्यावर पुराव्याची खोल छाननी करायला मनाई केली. २०२३ मध्ये व्हर्नन गोन्साल्विस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निदान वरवरचं वजन तरी तोलायला हवं असं म्हटलं. तिथे पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं या आरोपींकडे सापडलेलीच नव्हती. मला हीच वाट योग्य वाटते. कागद कुणाकडे सापडला आणि त्यात आरोपीने स्वतः काय केल्याचं लिहिलंय, एवढं विचारल्याने कुठलाही तपास कोलमडत नाही.

४३डी(५) ची ही अट कायद्याच्या प्रकरण ४ (दहशतवादी कृत्यं) आणि ६ (दहशतवादी संघटना) मधल्या गुन्ह्यांनाच लागू आहे. नुसतं कलम १३ (बेकायदा कृत्यांबद्दलची शिक्षा) असेल तर जामिनाचे नेहमीचे निकष. म्हणून आधी कलमं वाचा. अटकेची कारणं लेखी मिळाली का, तेही पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या प्रबीर पुरकायस्थ निकालानुसार ती द्यावीच लागतात.

आता खटल्याचा वेळ. कडक जामीन समर्थनीय ठरतो तो खटला लवकर संपणार असेल तरच. एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) कायद्याचं कलम १९ विशेष न्यायालयात रोजच्या रोज सुनावणी घ्यायला सांगतं. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. के. ए. नजीब प्रकरणात (२०२१) आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ आत होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलं की खटला वाजवी वेळेत संपणार नसेल, तर ४३डी(५) असूनही राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ च्या (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आधारे उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय जामीन देऊ शकतं.

त्या आधारावर जायचं असेल, तर 'खूप वर्षं झाली' एवढ्यावर भागत नाही. खटल्याच्या रोजनाम्याच्या, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कोर्टातल्या कामकाजाच्या नोंदीच्या, प्रमाणित प्रती काढा. कोणत्या तारखेला काय झालं, तहकुबी कुणी मागितली, किती साक्षीदार झाले आणि किती राहिले, याचा तक्ता अर्जाला जोडा. उशीर आरोपीच्याच तहकुब्यांमुळे झाला असेल, तर सरकारी वकील पहिल्यांदा तेच दाखवतील.