स्वस्तातले कॉइलओव्हर घ्यावेत का?

प्रश्न : दादा, सेकंडहँड ऑडी टीटी घेतलीय, शॉक गेलेत. बजेट कमी आहे पण गाडी थोडी खालीपण करायचीय. कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारं स्प्रिंग-शॉकचं किट) चालतील? – एक वाचक, इंदूर

उत्तर : चालतील की, पण आधी सांग, तू गाडी ट्रॅकवर नेणारेस की राजवाड्याला? कारण रात्री सराफ्यात गराडू खायला निघालास की कॉलनीतला पहिला स्पीडब्रेकरच पोट घासून सांगेल किती खाली केलीस ते! टीटीला पुढे स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग नि शॉक एकत्र, मागे स्प्रिंग वेगळी नि शॉक वेगळा, म्हणजे मागची हाइट स्प्रिंगच्या सीटवरूनच फिरते. जितकी खाली करशील तितकी शॉकला दाबायला जागा कमी उरते, मग खड्ड्यात थेट बंपस्टॉपवर (शॉक पूर्ण दबू न देणाऱ्या ठोकळ्यावर) आदळते, आणि लोक म्हणतात किट खराब निघालं.

शॉकचा कडकपणा बदलणाऱ्या नॉबच्या क्लिक किती ते बघून भुलू नकोस बाबा, स्वस्त किटमध्ये एकच नॉब असतो नि तो बहुतेक रिबाउंडच, म्हणजे दबलेला शॉक परत उघडतानाचा कडकपणाच बदलतो. त्यापेक्षा स्पेअर इन्सर्ट (शॉकचा आतला भाग) सुटा मिळतो का ते विचार. टॉप माउंट (शॉक वरून गाडीला धरणारे) नवे टाक, आणि बसवल्यावर चाकांची अलाइनमेंट करायचीच, नाहीतर टायर आतून खाल्ले जातील. पावसाळ्याआधी कॉइलओव्हरचे थ्रेड (आटे) ब्रशने साफ करून ग्रीस लाव, चिखलाने कॉलर (उंची बदलायची रिंग) जाम झाली की पाना घसरतो आणि बोटं सोलतात, माझी सोललीत.