म्हाडाच्या जुन्या वसाहतीत एवढ्याशा खोलीत माणसं राहायची कशी? कन्नमवार नगरमध्ये वाढलेल्या कुणी सांगेल का?

मी विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगरमध्ये वाढलो, म्हणून सांगतो. खोलीत माणसं मावायचीच नाहीत. दोनशे चौरस फुटांच्या आसपासच्या त्या जागेत झोपायचं आणि जेवायचं, बाकीचा दिवस दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत जायचा. आमचं खरं घर ते होतं, असं मी आजही मानतो.

या वसाहती का उभ्या राहिल्या हे समजून घ्यायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत माणसांचे लोंढे येत होते. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली, त्यामुळे खासगी मालकांना चाळी बांधण्यात रस उरला नाही. मग सरकारलाच उतरावं लागलं. १९४९मध्ये गृहनिर्माण मंडळ आलं, १९५२मध्ये औद्योगिक कामगारांसाठी घरांची योजना आली. म्हाडा त्यानंतरची, १९७७ची; मंडळाच्या जुन्या वसाहती मग तिच्याकडे गेल्या. आमची वसाहत साठच्या दशकातली. यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेल्यावर मुख्यमंत्री झालेले चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार नोव्हेंबर १९६३मध्ये पदावर असतानाच वारले, त्यांचं नाव वसाहतीला मिळालं. तेव्हा हे शहराचं टोक होतं. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला खाडी. म्हणून इमारती ऐसपैस अंतर ठेवून बांधता आल्या.

त्या अंतरात काय काय व्हायचं! सकाळी पापड-कुरडया वाळत, दुपारी कॅरम, संध्याकाळी कबड्डी. लग्नाची हळद तिथेच, बाराव्याचं जेवणही तिथेच. गणपतीत दोन बांबूंना पांढरा पडदा बांधून सिनेमा लावायचे. उशिरा आलेले पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचे, त्यांना हिरो डावखुरा दिसायचा. १४ एप्रिलला निळे झेंडे आणि रात्रभर भीमगीतं. कोकणातले, साताऱ्या-सांगलीकडचे, विदर्भातले, सगळे एका जिन्यात. नळाच्या वेळेवरून भांडणं जबर व्हायची, पण कुणाच्या घरी आजारपण आलं की डबा शेजारून जायचा. हे मी गोड करून सांगत नाही. दार दिवसभर उघडं असल्यावर दुसऱ्याचं दुखणं लपतच नाही. पत्ता विचारला की आम्ही रस्त्याचं नाव कधी सांगत नसू, इमारतीचा नंबर सांगायचो. माणसांची ओळखही तीच. '‌त्या नंबरची मावशी' म्हटलं की पुरे.

वडील पाळीवर जायचे. विक्रोळी, कांजूर, भांडुपला तेव्हा कारखानेच कारखाने, आणि दिवसाची वेळ आम्हाला भोंग्यावरून कळायची. गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या बनल्या होत्या, हे मोठी माणसं अभिमानाने सांगत.

पूर्वेला तिवरं, म्हणजे खारफुटी, त्यापलीकडे ठाण्याची खाडी. ओहोटीला चिखल उघडा पडला की आम्ही मुलं निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे मासे, बघायला जायचो आणि गुडघाभर चिखल घेऊन परत यायचो. कोळणी चिंबोऱ्या घेऊन दारावर यायच्या. कांजूरकडे मिठागरांत मिठाचे पांढरे ढीग दिसायचे. फ्लेमिंगो मात्र माझ्या लहानपणाच्या आठवणीत नाहीत, त्यांचे मोठे थवे नंतरचे. आता त्या खाडीत अभयारण्य आहे (२०१५) आणि २०२२मध्ये ती पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. तिवरं टिकली म्हणून हे झालं. कांजूरच्या कचरा डम्पिंगचा वास मात्र वारा फिरला की घरात येतो, आणि तिथल्या बायका-मुलांनी तो का सोसावा, हे मला कधीच पटलेलं नाही.

पुनर्विकास हवा होता. स्लॅबचे तुकडे पडत होते, पावसाळ्यात भिंती गळत होत्या, आणि मुलाचं लग्न झालं की आई-वडिलांनी झोपायचं कुठे हा प्रश्न घरोघरी होता. म्हाडा वसाहतींच्या पुनर्विकासासाठी असलेल्या, विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(५)खाली ३ चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय), म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम, मिळू लागल्यावर टॉवर उठले. काहींना मोठं, स्वतंत्र घर मिळालं, त्यांचं सुख मी पाहिलंय. काही इमारती मात्र पाडून झाल्या आणि काम रखडलं. म्हातारी माणसं नव्या घराची वाट बघत भाड्याच्या घरातच वारली. पण माझं म्हणणं वेगळं आहे. वाढीव क्षेत्र ज्या मोकळ्या जागेच्या जोरावर मिळतं, तीच जागा पार्किंग आणि पोडियमखाली, म्हणजे टॉवरच्या पायथ्याच्या चौथऱ्याखाली, जाते. ती सगळ्यांची होती, म्हणून तिच्या बाजूने करारात कुणी बोलत नाही. सोसायटीच्या सभेत खोलीच्या प्रत्येक फुटाचा हिशेब होतो, अंगणाचा होत नाही.

तुम्हाला हे बघायचं असेल तर विक्रोळी पूर्वेला उतरून आत जा. जुन्या इमारती अजून शिल्लक आहेत तिथे, दोन इमारतींमधलं अंतर पावलांनी मोजा. मग नव्या टॉवरच्या फाटकाशी जाऊन तेच करून बघा. शक्यतो रविवारी संध्याकाळी जा, पोरं खेळायला उतरलेली असतात.