‘एरर बार’ला ‘त्रुटीदंड’ म्हणावे का?

अणुघड्याळांच्या स्थिरतेवरील मराठी लेखात आलेखातल्या ‘एरर बार’साठी (प्रत्येक बिंदूवर काढलेल्या उभ्या रेघेसाठी) ‘त्रुटीदंड’ लिहावे की ‘त्रुटीमर्यादा’, आणि ज्या बिंदूवरची उभी रेघ लांब तिथे घड्याळ अधिक चुकते असे समजावे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत, आणि तसे तर मुळीच समजू नये.

‘त्रुटी’चा मराठीत रुळलेला अर्थ उणीव असा आहे, ‘अर्जात त्रुटी आहे’ म्हणजे काहीतरी द्यायचे राहिले आहे. (भास्कराचार्यांच्या कालमानात तर त्रुटी हे काळाचेच एकक आहे आणि एका सेकंदात अशा 33,750 त्रुटी मावतात, तेव्हा घड्याळाच्याच लेखात हा शब्द वापरणे म्हणजे घोटाळ्याला आमंत्रण!) आलेखातली रेघ मात्र घड्याळाची उणीव दाखवत नाही; आपण काढलेल्या अंदाजावर किती विसंबावे, एवढेच ती सांगते.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ॲलन यांनी 1966 मध्ये मांडलेल्या पद्धतीने स्थिरता काढताना घड्याळाच्या वारंवारतेची (सेकंदाला होणाऱ्या स्पंदनांची) ठरावीक कालखंडांवर सरासरी घेऊन लागोपाठच्या सरासऱ्यांमधील फरक पाहतात; फरक जितके लहान, तितके घड्याळ स्थिर. एका दिवसाच्या नोंदींतून 1 सेकंदाचे 86,400 खंड मिळतात, पण 10,000 सेकंदांचे पुरते आठच खंड पडतात आणि त्यांतून फरक मिळतात जेमतेम सात. आलेखाच्या उजव्या टोकाला, म्हणजे सर्वांत लांब खंडांच्या बाजूला, रेघ लांबते ती यामुळे. तिथे घड्याळ बिघडलेले नसते, पुरावा तोकडा पडलेला असतो. नोंदी आठवडाभर घेतल्या, तर त्याच घड्याळाची त्याच ठिकाणची रेघ आखूड होते. इतक्या थोड्या फरकांवरून काढलेली रेघ नीट काढली असेल तर खालच्यापेक्षा वर अधिक लांब असते, कारण अशा वेळी खरी अस्थिरता अंदाजाहून बरीच मोठी असण्याला अधिक वाव राहतो.

‘मर्यादा’ हा शब्द तर त्याहून फसवा आहे, कारण ही रेघ बहुधा 68 टक्के विश्वासपातळीची असते (म्हणजे अशा शंभर रेघांपैकी सुमारे 68 रेघांतच खरे मूल्य सापडते) आणि खरे मूल्य तिच्याबाहेर असणे मुळीच नवलाचे नाही. शिवाय कायम पाच मिनिटे पुढे असणारे भिंतीवरचे घड्याळही स्थिर असू शकते. तो फरक ही रेघ दाखवतच नाही.

म्हणून लेखात मी ‘अनिश्चितता-रेषा’ लिहीन, आणि ती कोणत्या विश्वासपातळीची आहे ते आलेखाखाली नोंदवीन. प्रयोगशाळेतल्या बोलण्यात ‘एरर बार’ खुशाल चालू द्यावे.